ठराव होण्याआधी

ग्रामसभेचे जुने रजिस्टर उघडले की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. सह्या आणि अंगठे पानेच्या पाने असतात, पण कोणी काय बोलले याची ओळ क्वचितच सापडते. विषय क्रमांक, त्याखाली ठराव, सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. सभा किती वेळ चालली, कोणाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, वाचून दाखवलेल्या मसुद्यातला एखादा शब्द तरी लोकांच्या बोलण्याने बदलला का, हे त्या पानावरून कळत नाही. गावात लोकशाही जिवंत आहे की नाही हे मला त्या शेवटच्या प्रश्नावरून ओळखावेसे वाटते: सभेत आणलेला कागद आणि सभेतून बाहेर पडलेला कागद यांत काही फरक पडला का?

कायद्याने ग्रामसभेला दिलेली जागा लहान नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, ग्रामसभेचा उल्लेख थेट राज्यघटनेत आला. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. त्यासाठी निवडून यावे लागत नाही आणि हे सभासदत्व पाच वर्षांनी संपतही नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे लोक आले नाहीत म्हणून थांबलेली सभा पुढच्या वेळी लोक नसतानाही रीतसर पार पडू शकते.

ज्यांनी अशा सभा पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. झेंडावंदन होते, मुलांची भाषणे होतात, खाऊ वाटला जातो आणि मग शाळेच्या व्हरांड्यात किंवा मारुतीच्या देवळात सभा बसते. ग्रामसेवक मागील सभेचे इतिवृत्त वाचतात आणि ते कायम होते. पाठोपाठ शासनाची परिपत्रके येतात, एकामागून एक, ज्या भाषेत ती लिहिलेली असतात त्याच भाषेत. पुढे पुरुष बसलेले असतात, मागे भिंतीला टेकून बायका, आणि दाराबाहेर उभी तरुण मुले. घरकुलाच्या यादीपर्यंत सगळे थांबतात. यादीत नाव आहे की नाही हे एकदा समजले की एकेक जण उठू लागतो. ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारले जातात तेव्हा निम्मी सतरंजी मोकळी असते, आणि गावाच्या पैशाचा मोठा विषय कित्येकदा तिथेच आलेला असतो. जे उठून गेले त्यांच्या सह्या मात्र आधीच झालेल्या असतात.

यावर ठरलेली प्रतिक्रिया अशी असते की लोकांना काही पडलेली नाही. अधिकारी हे म्हणतात, शहरातली शिकलेली माणसे म्हणतात, गावातले पुढारीही म्हणतात. मला हे निदान साफ चुकीचे वाटते. लक्ष देणे हा काही माणसांना उपजत लाभलेला आणि बाकीच्यांकडे नसलेला गुण नव्हे. एकच माणूस एका बैठकीत डुलक्या घेतो आणि दुसऱ्या बैठकीत डोळ्यांत तेल घालून बसतो. फरक त्या बैठकांच्या घडणीत असतो. ज्या बैठकीत माझ्या असण्या-नसण्याने काही बदलत नाही तिथे लक्ष देऊन बसणे हे माझ्या वेळेचे नुकसान आहे, आणि हे समजून उठून जाणारा माणूस उदासीन नसून व्यवहारी आहे.

पुरावा फार लांब शोधायला नको. ग्रामसभेत मागे भिंतीला टेकलेल्या त्याच बायकांना बचतगटाच्या बैठकीत पाहावे. दहा-पंधरा जणी गोल बसलेल्या असतात, मधे पेटी, वह्या आणि पासबुके. प्रत्येकीची बचत मोठ्याने बोलून जमा होते, हप्ता मोठ्याने बोलून लिहिला जातो. कोणी शेळी घेण्यासाठी अंतर्गत कर्ज मागितले की लगेच दुसरी विचारते, “वहिनी, दिवाळीला घेतलेल्याचे दोन हप्ते राहिलेत ना अजून?” तिसरी सांगते की त्यांचे मालक दवाखान्यात होते, म्हणून राहिले. चौथी म्हणते, शेळी आता नको, बाजार पडलाय, पोळ्यानंतर बघा. पाचवी गप्प असते, पण तिचे गप्प राहणेही सगळ्यांच्या लक्षात आलेले असते. इथे कोणाला जागे राहा म्हणून सांगावे लागत नाही. एकीचा हप्ता थकला तर गटाची पत जाते आणि बँकेचे पुढचे कर्ज अडते, हे प्रत्येकीला माहीत असते. पैसा आपला असतो, निर्णय अजून व्हायचा असतो, आणि आपण बोललो तर तो बदलू शकतो. एवढ्या तीन गोष्टी असल्या की चौथीपर्यंत शिकलेली बाई तासभर कानांत प्राण आणून ऐकते. त्या नसल्या तर पदवीधर माणूसही मोबाइल काढतो.

या विचाराला जिथे पूर्ण रूप मिळाले ते गाव महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा, ज्याला शेजारच्या लेखा गावाच्या जोडीने मेंढा-लेखा म्हणून लोक ओळखतात. गोंड आदिवासींचे, जेमतेम पाचशे वस्तीचे गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध या भागात मोठे आंदोलन झाले. त्या वातावरणात, देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे कार्यकर्ते आणि जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, गावाने आपला कारभार आपण करायचे ठरवले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा पुढे खूप गाजली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू वाहतुकीचा परवाना वनखाते द्यायला तयार नव्हते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बातम्या या दिवसाच्या झाल्या. मला महत्त्वाची वाटते ती त्याच्या आधीची वीस-पंचवीस वर्षे, आणि त्या वर्षांत गावाने घातलेली बसण्याची पद्धत.

मेंढ्यात दोन प्रकारच्या बैठका असतात. एक ग्रामसभा, जी निर्णय घेते. दुसरा अभ्यासगट, जो निर्णय घेतच नाही. अभ्यासगटात ज्याला यावेसे वाटेल तो येतो. बाहेरचा जाणकार आला तर तोही सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसतो. जंगलाच्या कायद्यापासून मध काढण्याच्या रीतीपर्यंत कोणताही विषय चालतो. तिथे ठराव होत नाही म्हणून हरजीत नसते. हरजीत नसल्यामुळे माणूस ‘मला हे कळले नाही’ असे मोकळेपणाने म्हणू शकतो, काल एक बोललो होतो आणि आज वेगळे वाटते असेही म्हणू शकतो. विषय अशा बैठकांमधून पुरता मळून निघाला की मग तो ग्रामसभेत येतो.

सार्वजनिक जीवनाविषयी इतका नेमका शोध मी दुसरीकडे क्वचित पाहिला आहे. आपल्या बहुतेक सभांमध्ये माहिती मिळणे, विचार करणे आणि निर्णय देणे या तिन्ही गोष्टी एकाच तासात उरकायच्या असतात. अंदाजपत्रक ऐकायला मिळते त्याच मिनिटाला हात वर करायचा असतो. अशा वेळी माणूस विषयाकडे न बघता माणसांकडे बघतो: मांडणारा कोणाचा आहे, विरोध करणारा कोणत्या गल्लीतला आहे. समजून घ्यायला वेळच दिलेला नाही तर बाजू घेण्याशिवाय तो दुसरे करणार काय? ही रीत केवळ गावातच असते असे नाही. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, साहित्य संस्थांच्या बैठकांत, कॉलेजच्या समित्यांत आपण हेच करतो आणि वर वातावरण कसे गढूळ झाले आहे याबद्दल हळहळतो.

मेंढ्याची दुसरी रीत अधिक अवघड आहे. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. विनोबांच्या ग्रामदानाच्या विचारातून आलेली ही गोष्ट आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. यावर पटकन आक्षेप येतो की अशाने काही ठरणारच नाही. वेळ लागतो हे खरे. दारूबंदीसारख्या विषयांवर तर घरोघर पुन्हा पुन्हा बोलावे लागते. पण बहुमताने ऐकण्याचे काय होते ते पाहा. शंभरांतले ऐंशी जण आपल्या बाजूला आहेत हे मला आधीच माहीत असेल तर उरलेल्या वीस जणांचे म्हणणे समजून घेण्याची मला गरज उरत नाही. ते बोलत असताना मी घड्याळ पाहिले तरी ठराव मंजूर होणार आहे. त्या वीस जणांनाही हे माहीत असते, म्हणून तेही मला पटवण्यासाठी बोलत नाहीत. नोंद राहावी म्हणून बोलतात, किंवा राग काढतात. दोन्ही बाजूंचे लक्ष अशा रीतीने हळूहळू मरते आणि त्यात कोणाची वैयक्तिक चूक नसते.

सर्वसहमतीत एका म्हाताऱ्याची शंका सगळ्या गावाला अडवू शकते. त्यामुळे गावाला ती शंका काय आहे हे नीट कळून घ्यावे लागते. तो अडखळत बोलला तर त्याला शब्द पुरवावे लागतात. आणि ओझे एकाच बाजूला नाही. ज्याने अडवले त्यालाही नुसते ‘माझा विरोध’ म्हणून घरी जाता येत नाही. पुढच्या सभेला यावे लागते, कारण सांगावे लागते, समोरच्याने सुचवलेला बदल मान्य आहे का हे बोलावे लागते. नकार देण्याचा अधिकार असलेला माणूस सगळ्यांत जास्त बांधलेला असतो. मनापासून सहभागी होण्याचे याहून मोठे शिक्षण मला माहीत नाही. २०१३ मध्ये मेंढ्याच्या लोकांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन आपल्या खाजगी जमिनीची मालकी ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय केला, तोही याच रीतीने. जमीन ही बहुमताने देता येणारी वस्तू नव्हे.

इथे थांबलो तर मात्र मी अर्धेच सांगितले असे होईल. मेंढा हे जवळपास एकाच समाजाचे गाव आहे. घोटुलसारखी एकत्र जमण्याची परंपरा त्याच्या पाठीशी आहे, आणि जमिनीची विषमताही तिथे तीव्र नाही. जिथे वाडा आणि वस्ती यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची भिंत आहे तिथे ‘सगळ्यांची सहमती’ कशी मिळवली जाते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या शेतात उद्या मजुरीला जायचे आहे त्याच्या समोर बसून ‘माझा विरोध’ म्हणायचे, तेही सगळ्यांदेखत? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला आणि घटनेने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. ग्रामसभेबद्दल प्रेमाने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते भाषण वाचलेच पाहिजे असे मी मानतो. त्यांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. जिथे बोलण्याची किंमत जिवाने किंवा पोटाने मोजावी लागते तिथे शांतता म्हणजे संमती नव्हे, आणि सर्वसहमती तर नव्हेच. तिथे गुप्त मतदान, लेखी कायदा आणि बाहेरचा अधिकारी हेच दुबळ्याचे बळ असते.

महाराष्ट्रातल्या बायकांनी हे दारूबंदीच्या लढाईत दाखवून दिले आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर नियमाप्रमाणे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उघड सभेत दीर-सासऱ्यांसमोर, दुकानदाराच्या माणसांसमोर जी बाई तोंड उघडू शकत नव्हती ती पडद्याआड जाऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारते. कित्येक गावांत बाटली अशीच आडवी झाली. इथे गुप्तता सहभागाच्या आड आली नाही. उलट तिच्यामुळेच सहभाग शक्य झाला. पण नियमाची दुसरी बाजू फार कडक आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. म्हणजे जी आली नाही तिचे मत हिशेबात उभ्या बाटलीलाच जाते. म्हणून त्या दिवशी मळ्यात गेलेली, माहेरी गेलेली, आजारी असलेली प्रत्येक बाई बाकीच्या जणी शोधून आणतात. ज्यांनी या मोहिमा केल्या त्यांना गावातली एकेक गैरहजर बाई नावाने ठाऊक असते. कोण आले नाही आणि ते का आले नाही हे विचारणे हाच सहभागाचा निम्मा भाग आहे, हे मी त्या बायकांकडे पाहून शिकलो.

तेव्हा प्रश्न सर्वसहमती की बहुमत एवढ्यापुरता राहत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस या डोंगराळ प्रांतात आजही वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुरुवातीला, सगळे मतदार नागरिक उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. निर्णय बहुमताने होतो. तरी ती सभा जिवंत राहिली याची कारणे मला दोन दिसतात. सभेपुढे येणाऱ्या प्रत्येक विषयाची छापील पुस्तिका कितीतरी आधी घरोघर पोहोचते, आणि सभेतला कोणीही नागरिक उठून प्रस्तावात दुरुस्ती सुचवू शकतो. २००६ मध्ये प्रांतातली २५ गावे-नगरे एकत्र करून त्यांची १० करावीत असा सरकारचा प्रस्ताव होता. चौकात एका नागरिकाने दुरुस्ती मांडली की दहा कशाला, तीनच करा. चर्चा झाली, हात वर झाले आणि तीन झाली. सरकारी यंत्रणेला हे अजिबात अपेक्षित नव्हते. तो निर्णय योग्य होता की नाही यावर तिथे नंतर वाद झाले, आणि व्हायलाही हवेत. मला त्यात महत्त्वाचे दिसते ते एवढेच की सकाळी चौकात आलेल्या माणसांना संध्याकाळी काय ठरलेले असेल हे माहीत नव्हते. ज्या सभेचा शेवट आधीच लिहून झालेला असतो तिच्यात लक्ष देण्यासारखे काही उरतच नाही. मेंढ्याची सर्वसहमती आणि ग्लारुसचे बहुमत या बाबतीत एकमेकांचे सोयरे आहेत. दोन्हीकडे कागद बदलू शकतो.

ओडिशातल्या नियमगिरीत तर अख्खा डोंगरच या प्रश्नावर तोलला गेला. बॉक्साइटच्या खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने न्यायालयाने सांगितले की डोंगरावरच्या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. राज्य सरकारने त्यासाठी बाराच गावे निवडली. जुलै-ऑगस्टच्या पावसात, सेरकापाडीपासून जरपापर्यंत, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली बारा सभा झाल्या. डोंगरिया कोंध बायका-पुरुष एकेक करून उठले, आपल्या भाषेत बोलले, आणि ते बोलणे सरकारला लिहून घ्यावे लागले. बाराही सभांनी खाण नाकारली. या माणसांनी कोणता अहवाल वाचला होता? डोंगरातला प्रत्येक ओढा त्यांच्या पायाखालचा होता, तीच त्यांची तयारी. ऐकणाऱ्या बाजूलाही त्या वेळी पळवाट नव्हती, कारण उत्तर ‘नाही’ आले तर ते मानावे लागणार होते. सहभागाची सगळी जबाबदारी आपण नेहमी खाली बसलेल्यांवर टाकतो. टेबलामागे बसलेला माणूस मन देऊन ऐकतो आहे का, हे तपासायची रीत आपल्याकडे फारशी नाही.

आपल्याकडे एक सहभाग सगळ्यांना आवडतो, तो म्हणजे अंगमेहनतीचा. २०१६ ते २०१९ या वर्षांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने महाराष्ट्रातल्या शेकडो गावांना उन्हाळ्यात हातात टिकाव-फावडे घ्यायला लावले. ४५ दिवस, पहाटे आणि रात्रीही, माणसे चर खोदत होती, शहरातून मुले श्रमदानाला येत होती. ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत, आणि त्या घामाचे मोल मी कमी लेखणार नाही. पण खोदणे हा सहभागाचा सोपा भाग आहे. तिथे सगळे एका बाजूला असतात. पाऊस पडून विहिरींना पाणी आले की अवघड भाग सुरू होतो: हे पाणी कोणाचे, कोणी किती उपसायचे, उसाला द्यायचे की नाही, नवी बोअर कोणी पाडायची. तिथे फावड्याने भागत नाही, बसावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे बसणे जमवले. वर्षाचा पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, माणसांना, जनावरांना आणि जमिनीला किती लागेल ते मांडायचे आणि पाण्याचा हा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिके ठरवायची. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याचे पीक घ्यायचे नाही. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्या विहिरीत पाणी दिसत असताना शेजाऱ्याच्या विहिरीचा आकडा पाहून हात आवरायचा असतो. आकडा डोळ्यांसमोर, सगळ्यांच्या देखत मोजलेला असतो म्हणून तो मानला जातो. तोच आकडा तालुक्याहून छापून आला असता तर कोणी ऐकला नसता. ज्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा ती आपल्या डोळ्यांनी पाहिलेली, आपल्या हाताने मोजलेली असावी, हा आग्रह आपल्या विकास आराखड्याच्या नियमांतही आहे. त्यासाठी शिवारफेरी सांगितली आहे. बहुतेक ठिकाणी मात्र ती कागदावरच होते.

मग एकट्या माणसाने काय करायचे? सगळे घडणीवर ढकलून मला माझी सुटका करून घ्यायची नाही. घडण चांगली असली तरी माणसाला काही गोष्टी स्वतः कराव्याच लागतात, आणि त्यांतली सर्वांत कठीण गोष्ट मला अशी वाटते की समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आपल्याला मांडता आले पाहिजे. रस्ता वरच्या आळीतून नेण्याला माझा विरोध असेल तर वरच्या आळीच्या माणसाला रस्ता का हवा हे मी असे सांगू शकलो पाहिजे की तो म्हणेल, बरोबर, हेच माझे म्हणणे. बाळंतीण खाटेवर घालून आणावी लागते, पावसाळ्यात दूध डेअरीला पोहोचत नाही, मुलगी सातवीनंतर शाळेत जात नाही. हे सगळे माझ्या तोंडून नीट निघाल्यावरही माझा विरोध उभा राहिला तर तो विचार करून केलेला विरोध. पुष्कळदा तो उभा राहत नाही, किंवा त्याचा आकार बदलतो. लक्ष देण्यात ही जोखीम आहेच. ऐकायला बसलेला माणूस बदलून उठण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता ज्याला नको असते तो सभेत येऊनही आलेला नसतो. माझ्या मते पुढारी लोकांच्या सभा निष्फळ होण्याचे हे एक मोठे कारण आहे. ज्याला आपल्या गटाला दिलेला शब्द घेऊनच यायचे आहे त्याला ऐकणे परवडत नाही.

आणि शेवटपर्यंत थांबणे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ज्याला कामाची घाई आहे त्याला ती महाग पडते. रोजंदारीवर जगणाऱ्याचा दिवस मोडतो. लेकराला झोपवून, भाकऱ्या टाकून आलेल्या बाईला पाचनंतर थांबता येत नाही. मग शेवटचे शब्द त्यांचेच राहतात ज्यांच्या घरी दुसरे कोणीतरी स्वयंपाक करते. सभा बोलावणाऱ्यांनी वेळ ठरवताना हे पाहिले नाही तर कोण थांबणार आणि कोण उठणार हे विषयपत्रिकेआधीच ठरून जाते.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण बीडकडचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या दिवाळीच्या आसपास कोयते घेऊन घर सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा ही माणसे सांगली-कोल्हापूरच्या, सोलापूरच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतात. २ ऑक्टोबरला मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन निघायची तयारी चाललेली असते. गावात मागे राहतात म्हातारे, काही मुले आणि ज्यांना जावे लागत नाही असे लोक. मग रोजगार हमीची कामे, पाण्याची योजना, शाळेतल्या मुलांच्या वसतिगृहाचा विषय, म्हणजे ज्या निर्णयांमुळे कदाचित पुढच्या वर्षी त्यांना जावेच लागले नसते ते निर्णय, त्यांच्या पाठीमागे होतात. कायद्याने ती सभा पूर्णपणे वैध असते. अशा गावांनी मोठ्या निर्णयांची सभा मे महिन्यात, टोळ्या परत आल्यावर, घ्यायला काय हरकत आहे? कायदा किमान चार सभा सांगतो, पाचवी घ्यायला मनाई करत नाही. आराखड्याचा मसुदा पंधरा दिवस आधी देवळाच्या भिंतीवर लावावा, नाल्यावरच्या बांधाचा अंदाजखर्च मोठ्या अक्षरांत लिहावा, त्याआधी वस्त्यावस्त्यांवर निर्णय न घेणारी एकेक बैठक बसवावी. आणि इतिवृत्तात ठरावाबरोबर हेही लिहावे की कोणी काय विचारले, मसुद्यातली कोणती ओळ कोणाच्या बोलण्यावरून बदलली, आणि कोण येऊ शकले नाही.